सोमवार उगवत नाही

माझ्या कादंबरीचे हस्तलिखित संपादकाकडे पाठवताना त्यांना मानधनाची अर्धी रक्कम आगाऊ आणि तीही ‘तत्काळ’ हवी होती. त्यानंतर काम कधी मिळेल, याला ‘येत्या सोमवारी नक्की’ हे उत्तर ऐकता ऐकता नागपुरातला आमचा कूलर माळ्यावरून खिडकीत आला आणि पुन्हा माळ्यावर गेला, पण तो सोमवार काही उगवला नाही.

आणि अखेर आलेले संपादन तरी काय? माझ्या कादंबरीतली काटोलची आजी भरल्या वांग्यांवर सांबार भुरभुरते. सांबार म्हणजे आमच्याकडे विदर्भात कोथिंबीर, अशी टीप समासात देऊनही गृहस्थांनी तिच्या हाती डाव देऊन वांग्यांवर इडलीबरोबरचे सांबार ओतायला लावले! ‘तो काय करून राहिला?’ याचे ‘तो काय करीत आहे?’ झाले; आजी काय आकाशवाणीवर बातम्या वाचते? पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहावी, हे साहित्य महामंडळाच्या 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांतच आहे. ज्या नियमांचा धाक मला दाखवला जातो, ते वाचायचे कोणी? माझ्या हातून राहिलेले ‘पाणि’ आणि ‘दुध’ मात्र सुखरूप आहेत.

उरलेल्या अर्ध्या रकमेचे स्मरणपत्र आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आले. आज सोमवारच आहे.