चाल तीच, झार गायब

हुकूमशहा आणि ऑपेरा यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘हुकूमशहा ऑपेराला घाबरतात म्हणून बंदी घालतात’ हे अर्धंच खरं. स्टालिन तर मॉस्कोच्या बोल्शोय थिएटरचा नेहमीचा प्रेक्षक! संगीतकार शोस्ताकोविचच्या ऑपेराचा प्रयोग तो जानेवारी १९३६ मध्ये अर्धवट सोडून उठला आणि दोन दिवसांत पक्षाच्या ‘प्रावदा’ दैनिकात त्यावर झोड उठवणारा निनावी अग्रलेख आला, हे तुम्ही दिलंच आहे.

राहिलं ते रशियन संगीतकार ग्लिंकाचं. १८३६ च्या त्याच्या ऑपेराचं नाव ‘झारसाठी प्राण’. सुसानिन नावाचा शेतकरी पोलिश सैनिकांना जंगलात चकवतो, स्वतः मरतो, झार वाचतो. क्रांतीनंतर झार चालेना, पण संगीत सोडवेना. मग १९३९ मध्ये नव्याने शब्द लिहवून घेतले, नाव ठेवलं ‘इव्हान सुसानिन’. आता तो मॉस्को वाचवतो आणि शेवटच्या कोरसमध्ये झारऐवजी रशियाचा जयजयकार होतो. चाल तीच. (त्याच वर्षी सप्टेंबरात सोव्हिएत फौजा पोलंडात घुसल्या. योगायोग म्हणायचा तर म्हणा.)

आमच्या कोल्हापुरात निवडणुकीला रिक्षावरच्या भोंग्यातून गाजलेल्या गाण्याच्या चालीवर उमेदवाराचं नाव वाजतं, तीच ही युक्ती. शब्द डोक्यात शिरायच्या आत पाय ठेका धरतो. केशवराव भोसले नाट्यगृहात पदांना वन्समोर देत आलेल्यांना हे वेगळं काय सांगायचं!

इंग्रजांना हे जमलं नाही. कीचकात कर्झन दिसतोय म्हटल्यावर त्यांनी १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरळ बंदीच घातली.

पुढच्या भागात माओच्या पत्नी चियांग छिंगबाईंच्या ‘आदर्श’ क्रांतिकारी ऑपेरांवर जरूर लिहा.