‘तीन आठवड्यांत एक गाणंसुद्धा नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

आमच्या उन्हाळी व्हायोलिन वर्गाबद्दल तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. दोनच तारे दिलेत आणि कारणंही स्पष्ट सांगितलीत. सहा वर्षांच्या मुलाला तीन आठवडे नुसतं गायला आणि बोट न टेकवता मोकळ्या तारा ओढायला लावलं, गाणं एकही बसवलं नाही. जगभर उभं राहून वाजवतात ते वाद्य जमिनीवर बसून शिकवलं. घरून आणलेलं नवंकोरं व्हायोलिन बाजूला ठेवून भाड्याचं घ्यायला लावलं. शेवटच्या दिवशी ना स्टेज, ना सर्टिफिकेट. पुढच्या मे महिन्यासाठी वर्ग शोधणारे पालकही हे वाचतील, म्हणून उत्तर सगळ्यांसमोरच देतो.

गाण्यापासून सुरुवात करतो, कारण तुमची खरी नाराजी तिथे आहे. व्हायोलिनला पडदे नसतात. सतारीला असतात, गिटारला असतात, पेटीला पट्ट्या असतात. तिथे बोट ठरल्या जागी पडलं की स्वर मिळतो. व्हायोलिनवर ती जागा कानानेच शोधावी लागते. बोट तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं तरी स्वर बेसूर होतो, आणि लहान मुलांच्या वाद्यावर स्वरांमधलं अंतर आणखीच कमी असतं. म्हणून आमच्याकडे आधी तानपुऱ्याबरोबर सा गायचा, मग तोच सा मोकळ्या तारेवर ऐकायचा. पहिलं बोट तारेवर पडतं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हाही मुलाने रे आधी गाऊन दाखवायचा, मग तो तारेवर शोधायचा. जपानमध्ये शिनिची सुझुकींनी हजारो लहानग्यांना व्हायोलिन शिकवलं, त्यांच्या पद्धतीतही ऐकणं आधी आणि नोटेशन वाचणं नंतर येतं. त्यांचं संगीत वेगळं, पण लहान मुलाचा कान सगळीकडे सारखाच.

तीन आठवड्यांत गाणं बसवता येतं, हे मला ठाऊक आहे. वाद्यावर रंगीत पट्ट्या चिकटवायच्या, बोटांना आकडे द्यायचे आणि ‘शून्य, शून्य, एक, तीन’ असं घोकून घ्यायचं. व्हिडिओ छान येतो, आजी-आजोबा खूश होतात. पण त्यात मूल आकडे वाजवतं, स्वर ऐकत नाही. पट्ट्या काढल्या की त्याला काहीच सापडत नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात, त्यांची ती सवय सोडवायला नव्या मुलाला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो, आणि तोवर बऱ्याच जणांचा उत्साह संपलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे मी करणार नाही, मग अभिप्रायात एकही तारा मिळाला नाही तरी चालेल.

आता गजाबद्दल, म्हणजे तारांवर फिरवायच्या काडीबद्दल. ‘मोकळ्या तारा ओढणं’ बाहेरून पाहताना काहीच नाही असं वाटतं. जवळ बसून पाहा. अंगठा आतून वाकलेला हवा, करंगळीचं टोक काडीवर टेकलेलं हवं, मधली बोटं सैल. लहान मुलाची करंगळी थोड्याच वेळात ताठ होते. त्यात मे महिना, तळव्याला घाम, काडी निसटायला लागते. मग मूल मूठ आवळतं, गज तारेवर दाबला जातो आणि दार करकरावं तसा आवाज येतो. हात पुन्हा सैल करायचा, गज घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी तुकड्याला) समांतर ठेवायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यायचा. तुमच्या मुलाने पहिल्या दिवशी गज मुठीत धरला होता. शेवटच्या आठवड्यात त्याने तानपुऱ्याबरोबर अख्खा गज ओढून सा लावला, आणि तो सा मध्ये कुठेही तुटला नाही. घरी त्याला पुन्हा ओढायला सांगा आणि डोळे मिटून ऐका. त्या वयात एवढं जमणं ही चांगली प्रगती आहे, हे मी मनापासून सांगतो.

त्याच हॉलमध्ये आठवी-नववीची मुलं भूप राग वाजवत होती आणि लहानांकडे दुर्लक्ष झालं, असंही तुम्ही लिहिलंय. ती मुलं आधीपासून गाणं किंवा पेटी शिकलेली आहेत. राग त्यांच्या कानात होता, फक्त तारेवर यायचा होता. त्यांची आणि लहानांची बरोबरी कृपया करू नका.

बैठकीबद्दल. हे वाद्य युरोपातून आलं, तिथे ते उभं राहून किंवा खुर्चीवर बसून वाजवतात. आपल्याकडे दक्षिणेतल्या कर्नाटक संगीतात वादक बालुस्वामी दीक्षितरांच्या काळापासून ते रुळलं. हिंदुस्थानी संगीतात गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, एन. राजम ही सगळी मंडळी बसून वाजवणारी. डावा पाय मुडपायचा, उजवं पाऊल थोडं पुढे घ्यायचं, वाद्याची एक बाजू छातीशी आणि वळलेलं टोक उजव्या पावलावर. त्यामुळे वाद्याचा भार डाव्या हातावर येत नाही, आणि हात मोकळा असला तरच मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, घेता येते. मींड नसेल तर आपला राग त्या वाद्यावर उभाच राहत नाही. पाश्चात्त्य पद्धतीचं शिकवायचं असेल तर ती बैठक वेगळी, तारा लावणंही वेगळं. पुण्यात त्याचे चांगले शिक्षक आहेत. सांगितलंत तर आनंदाने नाव सुचवीन.

तुम्ही आणलेलं व्हायोलिन पूर्ण आकाराचं होतं, म्हणजे मान सोडून नुसतं खोकंच 14 इंचांचं. सहा-सात वर्षांच्या मुलाला साधारण ‘पाव’ म्हणतात त्या आकाराचं, म्हणजे सुमारे 11 इंचांचं खोकं असलेलं लागतं. मोठ्या वाद्यावर त्याचा डावा हात पुरता ताणला जातो, बोटं वाकत नाहीत आणि मनगट दुखायला लागतं. मूल दर दोन-तीन वर्षांनी वाढतं, वाद्य वाढत नाही, म्हणूनच भाड्याचं घ्या असं आम्ही सगळ्यांना सांगतो. अनामत रक्कम वाद्य परत केल्यावर पूर्ण मिळते.

सर्टिफिकेट तीन आठवड्यांचं आम्ही कोणालाच देत नाही. पुढे शिकत राहिला तर गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा आहे, ती त्याने तयारीने द्यावी.

शाळा सुरू झाल्यावर लहानांची शनिवारची बॅच चालू राहणार आहे. त्याला पाठवायचं असेल तर भाड्याचं वाद्य तूर्त त्याच्याकडेच राहू द्या. तुमचं मोठं व्हायोलिनही एकदा घेऊन या. त्याची घोडी फार उंच आहे, ती बेताची करून देतो, तारा बदलतो. अकरा-बारा वर्षांचा झाला की त्याला तेच वापरता येईल. तोवर ते गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका, उष्णतेने लाकूड चिकटवलेला सरस सुटतो आणि जोड उघडतात.