लोट्याच्या आसपासच्या विहिरी आत्ताच तपासा

उत्तर इटलीत व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो नावाचं गाव आहे. तिथे मितेनी हा रसायनांचा कारखाना होता. नॉनस्टिक भांडी, पाणी न धरणारं कापड, आग विझवायचा फेस यांत लागणारी पीफास रसायनं तिथे अनेक दशकं बनली. 2013 मध्ये बाहेर आलं की ती भूजलात उतरलीत, आणि व्हिचेन्झा, व्हेरोना, पादोवा भागातल्या सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याला त्याची झळ लागलीय. मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट हातात आले तेव्हा तिथल्या आया रस्त्यावर उतरल्या. 2018 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. जून 2025 मध्ये व्हिचेन्झाच्या कोर्टाने 11 जणांना मिळून 141 वर्षांची शिक्षा सुनावली.

त्याच कारखान्याची यंत्रसामग्री 2019 मध्ये लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिक या रसायन कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खेड तालुक्यात, लोटे एमआयडीसीत आली.

स्पष्टच लिहिते, कंपनी कायदा मोडतेय असं माझं म्हणणं नाही. मला भीती वेगळीच वाटते. मोडायला इथे कायदाच नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आहे आयएस 10500, त्यात पीफासची मर्यादाच दिलेली नाही. 2020 मध्ये भारताने स्टॉकहोम कराराखालच्या (लवकर न विघटणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) सात रसायनांवरच्या बंदीला मान्यता दिली, त्यात पीफासपैकी सर्वात जास्त चर्चेतली दोन, पीएफओए आणि पीएफओएस, नाहीत. यातल्या पीएफओएमुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2023 मध्ये जाहीर केलंय. मग उद्या कुठल्याही कंपनीने ‘आम्ही सर्व निकष पाळतो’ म्हटलं, तर ते निकष नेमके कुठले?

डीडीटीसारखं जुनं विष मातीला चिकटून बसायचं. ही रसायनं मातीला धरून राहत नाहीत, पाणी जाईल तिथे जातात. कार्बन-फ्लोरिनची जोडणी इतकी घट्ट असते की सीईटीपीतल्या (एमआयडीसीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या) जिवाणूंना ती तोडता येत नाही. आणि आमची जमीन कसली? जांभ्याची. पाऊस लागला की विहिरीची पातळी भराभर वर येते आणि शिमग्यानंतर तशीच झरझर खाली जाते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. जे पाणी इतक्या सहज आत शिरतं, ते सोबत काय घेऊन येईल?

पाण्याला रंग येणार नाही, वास येणार नाही. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि रसायन मागे राहतं. फिल्टरवाला टीडीएसची पेन बुडवून आकडा दाखवतो, तो क्षारांचा असतो. अमेरिकेने 2024 मध्ये पीएफओएसाठी ठरवलेली मर्यादा आहे लिटरला 4 नॅनोग्रॅम, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आरओ यातलं बरंचसं अडवतो, पण अडवलेलं सगळं मोरीतून पुन्हा जमिनीतच.

म्हणून बंदोबस्त कारखान्याच्या दारातच व्हायला हवा. एकेका रसायनाच्या मागे लागूनही भागत नाही. एकावर बंदी आली की त्याचंच आखूड साखळीचं (रेणूत कमी कार्बन असलेलं) भावंड बाजारात येतं, आणि ते पाण्यात अजून सहज पसरतं. युरोपीय महासंघाने 2023 मध्ये टिकाऊ, पाण्यात पसरणाऱ्या आणि विषारी रसायनांचा धोक्याचा वेगळा वर्गच केला. म्हणजे रसायनाचं नाव काहीही असो, गुण बघून नियम लागणार. आपल्याकडेही प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला संमतीपत्र देतानाच हे गुण तपासले जावेत, आणि पाण्यात काय सोडतो ते मोजून दाखवायची जबाबदारी उत्पादकाची असावी.

आमच्याकडची कितीतरी पोरं लोट्याला कामाला जातात, एमआयडीसी बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्याच पोरांच्या घरच्या विहिरी आहेत या. दाभोळ खाडीतल्या भोई मच्छीमारांनी लोट्याच्या सांडपाण्याविरुद्ध किती वर्षं ओरड केली, आठवतंय ना?

कायदा यायला वर्षं लागतील, विहिरींचे नमुने मात्र या महिन्यात घेता येतात. आजचा आकडा कागदावर नसेल, तर दहा वर्षांनी ‘हे आधीपासूनच होतं’ असं कुणीही म्हणेल आणि आपल्याकडे उत्तर नसेल. लोटे परिसरातल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा: विहिरी, बोअर आणि नळपाणी योजनेच्या उद्भवाची पीफास तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने करावी, दरवर्षी करावी आणि अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावा. ठरावाचा मसुदा मी तयार केलाय. सरपंच, सदस्य, कुणालाही हवा असेल तर मेसेज करा, लगेच पाठवते.