४०० वर्षांचं अनुदान? नाही, ती नुसती मर्यादा आहे

"अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या गव्हर्नरांनी सरकारी शाळांना ४०० वर्षांचं अनुदान दिलं," असं फिरतंय. अर्धंच खरं आहे. २०२३ च्या बजेटमध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी आपल्या अंशतः व्हेटोने (विधेयकातला काही मजकूर खोडायचा अधिकार) '२०२४-२५' या वर्षामधले '२०' आणि मधली रेघ खोडली; उरलं २४२५! (स्वतः मास्तर होते, खोडाखोड जमायचीच.) पण त्यातून राज्याच्या तिजोरीतला एक डॉलरही आपोआप सुटत नाही. दर विद्यार्थ्यामागे शाळांनी किती महसूल उभारायचा याची मर्यादा २४२५ सालापर्यंत दरवर्षी ३२५ डॉलरने वाढते, एवढंच. राज्याने अनुदान वाढवलं नाही, तर शाळा तो फरक घरपट्टीतून काढू शकतात. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हे ४ विरुद्ध ३ मतांनी वैध ठरवलं. २०२६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला एव्हर्स उभे नाहीत. घरपट्टीचा वाद मात्र उभा आहे.