नातं : काका

गेले तीन आठवडे माझे कागदोपत्री पालक एक असे गृहस्थ आहेत, ज्यांचं आडनावसुद्धा मला नीट वाचता आलेलं नाही. सही फार गिचमिड आहे. माझं वय 46.

इतिहासात एम.ए. करायचं ठरवलं, हौस म्हणा. बी.ए. 2001 साली अकोल्याला झालं, मग लग्न होऊन इंदूर. चाळिशीनंतर कुणाला कॉलेजात जायचं असेल तर एक सांगते, अभ्यासाची काळजी नंतर करा, आधी माळ्यावरची सुटकेस खाली काढा. विद्यापीठ बदललं म्हणून मायग्रेशन हवं, टी.सी. हवी, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका हव्यात. त्या सुटकेसमध्ये माझ्या गुणपत्रिका सोडून सगळं होतं. सासऱ्यांच्या 1988 च्या रेडिओची पावतीही होती.

शिवाय मी एक नसून दोन बायका आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि तेव्हापासून गुणपत्रिकेवर वैशाली, आधारवर मधुरा. दोघी एकच, असं स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं. त्याच नोटरीकडे शिक्षणातल्या गॅपचं शपथपत्र. त्यानं टाइप केलं, ‘उक्त अवधि में प्रार्थिया घर पर ही रही तथा किसी भी गैरकानूनी गतिविधि में लिप्त नहीं रही.’ म्हटलं, भैया, सोळा वर्षं शिकवण्या घेतल्यात, तेवढं घाला. तो म्हणाला, “मॅडम, उसका सर्टिफिकेट है?” सासऱ्यांच्या लकव्याची पाच वर्षं होती, त्याचंही सर्टिफिकेट नव्हतं. चोवीस वर्षं, दीड ओळ. पैसे मात्र पूर्ण पानाचे.

तर शेवटची तारीख, दुपारचे साडेतीन. खिडकीतल्या बाबूनं फाइल चाळली आणि अँटी-रॅगिंगचा फॉर्म बाहेर सरकवला. “पॅरेंट के साइन नहीं हैं.”

हा नियम यूजीसीचा, 2009 चा. विद्यार्थ्यानंही लिहून द्यायचं आणि पालकानंही. रॅगिंगपायी पोरांचे जीव गेले म्हणून झालेला नियम आहे, त्याची थट्टा करवत नाही. पण माझे आईवडील दोघंही गेले, हे मी खिडकीत वाकून सांगितलं तेव्हा बाबू सहानुभूतीनं म्हणाला, “तो मिस्टर के करा लो. नहीं तो बेटा होगा न?”

बेटा आहे. गेल्या वर्षी त्याच्या ह्याच फॉर्मवर पालक म्हणून मी सही केली होती. आता त्यानं माझी हमी घ्यायची, की आई ज्युनिअर पोरांना कोंबडा करणार नाही. घराच्या कर्जाला माझी सही चालली. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दोनला चालली. इथं नाही. मिस्टर पीथमपूरला शिफ्टमध्ये, फोन लॉकरमध्ये. मुलगा सिनेमाला, फोन खिशात, पण आईचा असल्यामुळे उचलायचा नाही.

मागून आवाज आला, “काय करून राहिल्या ताई? मुलीचं अ‍ॅडमिशन?”

काका सत्तरीपुढचे. बिजली बोर्डातून रिटायर, हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितलं. नातीला घेऊन आले होते. नात त्यांच्यापासून आठ फुटांवर, आपला काही संबंध नाही अशी उभी. हातात कागदावर पोहे, वर शेव, त्यावर जीरावन मसाला इतका की खालचे पोहे विश्वासानं धरून चालायचे.

“माझंच अ‍ॅडमिशन,” मी म्हटलं.

“वा! मीपण पन्नाशीत एलएलबी केलं.”

“मग वकिली?”

“छे! दोन पेपर राहिले. पण अनुभव पूर्ण आहे.”

आणि त्यांनी तो सगळा मला दिला. पहिल्या बाकावर बसायचं नाही, सर बिचकतात. पंख्याखाली बसायचं. चष्मे दोन ठेवायचे, एक फळ्याचा, एक वहीचा. अभ्यास रात्री नाही, पहाटे, दूधवाला यायच्या आत. ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिच्याशी मैत्री. “पोरं आंटी म्हणतील. म्हणू द्या. आंटीला नोट्स देतात, दीदीला देत नाहीत.” हजेरी 75 टक्के, ती मात्र सोडायची नाही, त्यांचे दोन पेपर तिथंच अडकले. की नापास झाले? ह्यावर त्यांनी पोहे खाल्ले.

राग असा की ह्यातलं बरंचसं खरं निघालं. पंख्याचं तर शंभर टक्के.

मग पाचला दहा कमी असताना ते म्हणाले, “आणा इकडे फॉर्म,” आणि बाबूच्या डोळ्यांदेखत, जीरावनच्या बोटांनी, माझ्या सहीशेजारी सही ठोकली. बाबूनं विचारलं, “रिश्ता?” काका म्हणाले, “काका.” बाबूनं लिहिलं, ‘चाचा’. शिक्का बसला. ओळखपत्र नाही, पुरावा नाही. मला दोन नावांची एक बाई ठरायला नोटरी लागला. ह्यांना माझे काका व्हायला तीन सेकंद पुरले. पलीकडून नात पहिल्यांदाच बोलली. “आजोबा, प्लीज.”

आमच्या अहिल्याबाईंनी 1767 साली कारभार हाती घेतला तेव्हा त्या 42 वर्षांच्या होत्या. पती, सासरे, मुलगा, तिघंही गेलेले. पुढं 28 वर्षं महेश्वरहून राज्य चालवलं. राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, त्यावरून परत येताना मला एवढंच वाटत होतं, बाई, तुमच्या वेळी ही खिडकी नव्हती.

फॉर्मवर सहीखाली पालकाचा मोबाइल नंबरही असतो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज सकाळी आलं.

“ताई, काका बोलून राहिलो. कॉलेजचा मेसेज आला. काल दोन्ही तासांना गैरहजर?”

सासूबाईंना मोतीबिंदूसाठी दाखवायला न्यायचं होतं, हे मी एका परक्या माणसाला, गॅसवर दूध ठेवून, का सांगितलं ते मला माहीत नाही. काकांनी ऐकून घेतलं. विचार केला.

“कारण बराबर आहे,” म्हणाले. “पण पुढच्या वेळी आधी सांगून ठेवायचं.”

मी “हो काका” म्हटलं. दूध तोवर उतू गेलं होतं.