वटहुकूम निघाला की आधी तारखा बघा

वटहुकूम, म्हणजे अधिवेशन चालू नसताना सरकारने काढलेला तात्पुरता कायदा, निघाला की तो चांगला की वाईट, कोणाच्या फायद्याचा, यावर लगेच वाद सुरू होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की मजकूर नंतर वाचा, आधी तारखा बघा. सरकारने संसदेला बगल दिली की नाही, ते तिथे कळतं.

एक गल्लत आधीच दूर करू. आपल्याकडे बातम्यांत ‘जीआर’ला सर्रास अध्यादेश म्हटलं जातं. जीआर म्हणजे शासन निर्णय, खात्याचा प्रशासकीय आदेश. अध्यादेश म्हणजे वटहुकूम, आणि त्याला कायद्याइतकंच बळ असतं.

घटनेच्या कलम १२३ नुसार राष्ट्रपती आणि २१३ नुसार राज्यपाल तो काढतात. निर्णय अर्थातच मंत्रिमंडळाचा. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन एकाच वेळी चालू नसावं आणि तातडीने पाऊल उचलणं भाग पडावं, या अटी. पुढचं अधिवेशन भरलं की तो पटलावर, म्हणजे अधिकृतपणे सभागृहापुढे, ठेवायचा. भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणजे त्याचं आयुष्य फार तर साडेसात महिने.

आता ‘तातडी’ बघा. १९ जुलै १९६९ ला वटहुकमाने १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. संसद भरणार होती २१ जुलैला. दोन दिवसांनी!

२०१५ चं उदाहरण तर तारीख-तारीख लावून बघण्यासारखं आहे. भूसंपादनाचा वटहुकूम ३१ डिसेंबर २०१४ चा. २३ फेब्रुवारीला अधिवेशन सुरू झालं, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपणार. लोकसभेत विधेयक मंजूर झालं, पण राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत नवा वटहुकूम काढायला अडचण होती, कारण सुट्टी असली तरी अधिवेशन चालूच धरलं जातं. मग दोन्ही सभागृहं एकाच वेळी चालू राहू नयेत म्हणून २८ मार्चला एकट्या राज्यसभेचं सत्र संपवलं आणि ३ एप्रिलला नवा वटहुकूम आला. ३० मे ला तिसरा. विधेयक अडलं होतं ते राज्यसभेत, आणि सत्र संपवलं तेही तिचंच. मला यात तातडी दिसत नाही, मतं कमी पडली एवढंच दिसतं.

राज्यांत याहून वाईट झालंय. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवांनी बिहारची राजपत्रं चाळून हिशोब मांडला: १९६७ ते १९८१ मध्ये विधिमंडळाचे कायदे १८९ आणि वटहुकूम २५६. काही तर पुन्हा पुन्हा काढून १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं. तरी १९८९ पासून त्याच राज्यात संस्कृत शाळा ताब्यात घेण्यासाठी वटहुकमांची रांग लागली आणि त्यातला एकही विधिमंडळापुढे ठेवला नाही. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलं की पटलावर ठेवणं सक्तीचं आहे, आणि संपलेल्या वटहुकमातून मिळालेले हक्क आपोआप टिकत नाहीत. हा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. कारण भरती झाली, पैसा गेला, जमीन घेतली, की सभागृहाने नाही म्हणूनही काय उपयोग?

स्वतः तपासायचं तर राजपत्रातली तारीख घ्या. आधीचं सत्र राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी औपचारिकपणे कधी संपवलं ते काढा. सभागृह तहकूब झाल्याची तारीख धरू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. पुढचं अधिवेशन भरल्याच्या दिवसापासून ४२ दिवस मोजा. दोन सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली असतील तर नंतरची तारीख धरा. पटलावर ठेवलेल्या कागदांच्या यादीत त्या वटहुकमाचं नाव शोधा.

वटहुकमाच्या जागी विधेयक आलं की लोकसभेच्या नियम ७१ प्रमाणे घाई का करावी लागली याचं निवेदन सोबत द्यावं लागतं. ते जरूर वाचा. त्यात विषय किती महत्त्वाचा आहे एवढंच लिहिलेलं असेल, तर आपल्या खासदाराला गाठून विचारा, अधिवेशन भरेपर्यंत थांबलं असतं तर नेमकं काय बिघडणार होतं?