मालकाने बुडवले, तर ब्रँडला का धरायचे?

नमस्कार. कपड्यांच्या कारखान्यांतल्या बुडालेल्या मजुरीवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: ब्रँडने ठरलेली किंमत कारखान्याला वेळेवर चुकती केली, मजुरी बुडवली ती मालकाने, मग एकाच कपड्याचे पैसे ब्रँडने दोनदा का मोजायचे? आणि असा तगादा लावला तर ब्रँड दुसऱ्या देशात जाईल, शिलाईवाल्या बायकांचे आहे तेही काम जाईल.

आधी माझी चूक. मागच्या लेखात मी 'ब्रँडने मजुरी चोरली' असे लिहिले, तो शब्द चुकला. चोरी मालकाचीच. पण कर्जाला जामीन राहिलेल्याला आपण चोर म्हणत नाही, तरी कर्जदार पळाला की वसुली त्याच्याकडेच येते. माझे म्हणणे तेवढेच आहे.

'दोनदा पैसे' हा मुद्दा तुमच्याआधी आदिदासने मांडून झाला आहे. इंडोनेशियात जकार्ताजवळ तांगेरांगला पीटी किझोन नावाचा कारखाना होता. 2011 च्या जानेवारीत मालक परागंदा झाला, एप्रिलमध्ये कारखाना बंद पडला आणि सुमारे 2,800 कामगारांची कायद्याने देय असलेली नुकसानभरपाई लटकली. नायकीने काही रक्कम दिली. आदिदास म्हणाली, आमच्या ऑर्डरी आधीच संपल्या होत्या, बिले चुकती आहेत, आमचा संबंध नाही. पण या कारखान्यात अमेरिकी विद्यापीठांच्या नावाचे कपडेही शिवले जात, आणि कपडे शिवणाऱ्यांची कायदेशीर देणी भागली पाहिजेत, अशी अट विद्यापीठांच्या आदिदासशी असलेल्या परवाना-करारांत (विद्यापीठाचे नाव कपड्यांवर वापरू देण्याच्या करारांत) होती. 2012 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने आदिदासशी करार संपवला, पाठोपाठ इतरांनी. विस्कॉन्सिन विद्यापीठ तर कोर्टात गेले. एप्रिल 2013 मध्ये आदिदासने कामगारांशी तडजोड केली. ज्या कंपनीचा 'संबंध नव्हता', तिच्याकडून पैसे सुटले ते करारातल्या एका कलमामुळे.

आता त्या 'ठरलेल्या किमती'कडे या. कापड, बटणे, चेन कारखानदार आधी स्वतः आणतो, बहुतेकदा कर्ज काढून. मजुरी दर महिन्याला द्यावी लागते. ब्रँडचे बिल मात्र माल जहाजावर चढल्यानंतर अनेकदा 60 नाहीतर 90 दिवसांनी सुटते. मग उधारीवर कोण चालले आहे? आधी कारखानदार, आणि त्याच्याकडचे पैसे संपून मजुरी थकली की मशीनवर बसलेली बाई एवढ्या मोठ्या कंपनीला उसने देते आहे, आणि तिला त्याचा पत्ताही नाही. किंमत ठरताना घासाघीस सेंटा-सेंटावरून होते. उद्या कारखाना बंद पडला तर तिला देण्याची रक्कम त्यात कोणी धरत नाही. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, तर ठरलेली किंमतही उरली नाही. एकट्या बांगलादेशात 3 अब्ज डॉलरहून जास्त रकमेच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्या, त्यात शिवून घडी घातलेला मालही होता. (बोभाटा झाल्यावर बऱ्याच ब्रँडनी पैसे दिले, हेही सांगायला हवे.)

ब्रँड पळून जाईल ही भीती खोटी नाही. एकट्यादुकट्या ब्रँडला धारेवर धरले तर तो गुपचूप ऑर्डरी हलवू शकतो. पण नियम सगळ्यांना सारखा असला तर? 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून जास्त माणसे मेली. त्यानंतर इमारतींच्या सुरक्षेसाठी जो करार झाला तो कायद्याने बंधनकारक होता, आणि त्यावर 200 हून अधिक ब्रँडनी सह्या केल्या. बांगलादेशची तयार कपड्यांची निर्यात 2012-13 मध्ये सुमारे 21 अब्ज डॉलर होती. 2018-19 मध्ये ती 34 अब्जांवर गेली. तो करार मजुरीचा नव्हता, मान्य. पण बंधन आले की ब्रँड पळतात, या म्हणण्याला उत्तर म्हणून हे आकडे पुरेसे आहेत.

राहिला कायदा. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून, तिथल्या कारखान्यात कपडे शिवणाऱ्याची मजुरी बुडाली तर ते कपडे शिवून घेणारा ब्रँडही तिचा देणेकरी ठरतो. मध्ये कितीही ठेकेदार असोत. तोच ब्रँड तोच शर्ट तांगेरांगला शिवून घेतो तेव्हा मात्र हे देणे त्याच्या अंगाला लागत नाही. हा फरक न्याय्य का, यावर तुमचे म्हणणे वाचायला आवडेल. त्यात माझे कुठे चुकत असेल तर तेही दाखवा.